बंकरातली भिंत आणि आमचे मिस्त्री

कुणाच्याही घरी गेले की आमचे मिस्त्री आधी भिंतीपाशी जायचे. चप्पल दाराशी काढायची, बोटाच्या पेरांनी भिंतीवर दोनदा ठोकायचं आणि मान तिरकी करून ऐकायचं. मग यजमानांकडे वळून म्हणायचं, "जय भीम. भीत बरी हाय तुमची." तब्येतीची चौकशी त्यानंतर.

लातूरला बांधकाम खात्यात मी कारकून होतो, ते मिस्त्री. घरंही एकाच गल्लीत. एकदा साहेब बोलत असताना त्यांनी साहेबांच्याच केबिनची भिंत वाजवली.

"काय चाललंय?" साहेब वैतागले.

"पोकळ बोलायलीय, साहेब. गिलावा सुटलाय."

आठवड्याभरात गिलाव्याचा ताटाएवढा पोपडा साहेबांच्या टेबलावर पडला. पुढे कितीतरी दिवस त्या केबिनमध्ये जाणारा प्रत्येक जण आधी वर पाहायचा, मग साहेबांकडे.

अशा माणसाने स्वतःचं घर कसं बांधलं असेल, ते तुम्ही ओळखालच. सळईची प्रत्येक गाठ त्यांनी स्वतः तपासली होती. पण त्यांची बायको, आमच्या वहिनी, त्या घरात झोपत नव्हत्या. किल्लारीच्या भूकंपात त्यांचं माहेर कोसळलं. त्यांना ढिगाऱ्यातून जिवंत काढलं. शेजारी निजलेली धाकटी बहीण वाचली नाही. तेव्हापासून त्यांचा स्वयंपाक घरात आणि झोप अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. मिस्त्रींची बाजही तिथेच. अशी तीस वर्षं गेली. आमच्या भागात अशा शेड पुष्कळ अंगणांत दिसत, त्यामुळे कुणी काही विचारत नसे. मिस्त्री मात्र मला म्हणायचे, "भाऊसाहेब, सरकारनं माझं घर पास केलं. हिनं न्हाई केलं."

निवृत्तीनंतर आम्ही एका टूरबरोबर अंदमानला गेलो. पोर्ट ब्लेअरला समुद्रालगतच्या रस्त्यावर युद्धाच्या काळातला जपानी बंकर जपून ठेवला आहे. जाडजूड काँक्रीटची बुटकी खोली, समुद्राकडे एक आडवी फट, बाहेर माहितीचा फलक. टूरवाल्याने दहा मिनिटं दिली. मंडळी फोटो काढू लागली आणि मिस्त्रींनी पेरं टेकवली. एकदा, दोनदा, चारदा.

"भाऊसाहेब, ही बोलतच न्हाई!"

मग त्यांच्या प्रश्नांना ऊत आला. वाळू समुद्राचीच असेल का? मिठाने सळई कशी खाल्ली नाही? त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून भिंतीला नाक लावलं. गाईड म्हणाला, मागे मोठा भूकंप झाला, समुद्र रस्त्यावर आला, तरी बंकर हलला नाही.

भूकंप म्हटल्यावर मिस्त्रींनी वळून पाहिलं. वहिनी रस्त्यापलीकडे नारळाच्या सावलीत उभ्या होत्या.

"अगं, ये की. बघ तरी छत."

"तुमीच बघा. मला इथनं दिसतंय."

मिस्त्रींनी आग्रह केला नाही. तो त्यांनी कधीच केला नव्हता. गाईडला त्यांनी विचारलं, हे बांधलं कुणी? इथल्याच लोकांकडून सक्तीनं बांधून घेतलं, गाईड म्हणाला. मिस्त्री वाकून आत गेले, मीही गेलो. आत काँक्रीट ओतताना लावलेल्या फळ्यांचे वळ उमटलेले होते आणि एका कोपऱ्यात कुणीतरी भोक हाताने बुजवलं होतं. चार बोटांचे फराटे स्पष्ट दिसत होते.

"अगं, थापीनं न्हाई, हातानं लिंपलंय कुणीतरी!" मिस्त्री आतूनच ओरडले.

थोड्या वेळाने दारात सावली पडली. वहिनी पदर सावरत, वाकून आत आल्या. वर त्यांनी पाहिलंच नाही. थेट कोपऱ्यात जाऊन त्या फराट्यांवर आपली बोटं ठेवून बघू लागल्या.

"बाईचा हात हाय हा."

"कशावरनं?"

"करंगळी बघा की, शेवटाला कशी वर वळलीय. आमी बी असंच लिंपायचो, मी आन् धाकटी." त्या तिथेच उकिडव्या बसल्या. "तुमी घर बांधलं, लई मजबूत बांधलं. पर मला एक भीत तरी लिंपू दिली का?"

बाहेर टूरवाला शिट्टी वाजवत होता. आम्ही तिघंही जागचे हललो नाही.

लातूरला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरातून ठोकाठोकी ऐकू आली. जाऊन पाहतो तर मधल्या खोलीच्या एका भिंतीचा गुळगुळीत गिलावा मिस्त्रींनी खरवडून काढला होता. वहिनी हाताने भिंत लिंपत होत्या आणि मिस्त्री घमेलं घेऊन शेजारी उभे.

"आज मी बिगारी, भाऊसाहेब."

"बोलू नका. माल द्या," वहिनी म्हणाल्या.

चार दिवसांनी सकाळी ते चहाच्या टपरीवर भेटले. डोळे लाल झालेले, चेहरा खुललेला. "काल आत झोपली. घोरली बी! मलाच झोप न्हाई आली. पत्र्याची सवय लागलीय ना."

त्यानंतर मिस्त्री जेमतेम वर्षभर राहिले. हृदयविकाराने गेले. दुपारी बसल्या बसल्या, त्या मधल्या खोलीतच. वहिनी पुन्हा अंगणात जातील, असं गल्लीत सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. विचारायचा धीर होत नव्हता.

दहा-बारा दिवसांनी गेलो, तेव्हा वहिनींनी शेडचे पत्रे उतरवून भिंतीला टेकवून ठेवले होते. तीस वर्षं पाऊस न पडलेली ती चौकोनी जागा पिठासारखी भुरभुरीत झाली होती. वहिनी वाकून तिच्यावर तांब्याने पाणी शिंपत होत्या आणि ते मातीत मुरतंय का, हे निरखून बघत होत्या.