पेट्रोलच्या मोटारीची राख

ती घटना आठवली की प्रथम नजरेसमोर येते ते एका म्हातारीचे पितळेचे तपेले. आरोपी, पंचनामा, न्यायालय हे सर्व त्यामागून येते. नोकरीत याहून मोठे गुन्हे मी हाताळले. परंतु तुरुंगाच्या दारातून मागे फिरलेला माणूस पाहण्याचा योग फारसा येत नाही. तो या प्रकरणात आला. संबंधितांची नावे मी देणार नाही. त्यांची मुलेबाळे आज त्याच मुलखात नांदत आहेत.

युद्धाचा काळ होता. सातारा जिल्ह्यात कडेगावच्या बाजूच्या एका ठाण्यावर मी फौजदार होतो. धान्य, कापड, रॉकेल, सर्वांवर नियंत्रण होते. पेट्रोल तर औषधापुरते मिळे. मोटारवाल्यांना ठरलेला कोटा असे आणि त्याची कुपने मिळत. पेट्रोल वाचावे म्हणून मोटारींना कोळशाच्या गॅसची भट्टी बसवा, असा सरकारचा आग्रह होता. भट्टी म्हणजे एक लोखंडी पिंप. त्यात कोळसा पेटवायचा आणि निघणाऱ्या वायूवर इंजिन चालवायचे. ज्याने भट्टी बसवली त्याचा पेट्रोलचा कोटा कापला जाई. सर्व प्रकरण या एका नियमावर फिरले.

सांगली तेव्हा संस्थान होते. तेथील एका मोटार कंपनीकडे आमच्या भागातील सरकारी दुकानांना धान्य पोहोचवण्याचा ठेका होता. चालक फौजेतून सुटून आलेला असावा आणि कंपनीने त्याचा दाखला तपासून खात्री करून घ्यावी, अशी ठेक्यात अट होती. आमच्याकडे येणाऱ्या मोटारीला भट्टी नसल्याचे कंपनीने लिहून दिले होते. त्यामुळे तिला पेट्रोलचा पूर्ण कोटा मिळे. आमच्या हद्दीत कंपनीचे गोदाम होते आणि गोदामामागच्या खोपीत चालक राहत असे.

एके दिवशी गोदामातील हमालांचा मुकादम ठाण्यावर आला.

"साहेब, कुपनाचं पेट्रोल बाहेर इकलं जातंय. डायवर इकतोय. त्येच्या खोपीत चिपाडाखाली डबं हायत. भरल्यालं."

"भरलेले आहेत हे तुला कसे कळले?"

तो गडबडला. "कळतंय की साहेब. वासानं."

खबर देणारा माणूस सहसा थोडे कमी सांगतो. स्वतःची कातडी वाचवणे हा त्याचा पहिला हेतू असतो. हा मनुष्य जास्त सांगत होता. ते मनात ठेवून मी पंच घेतले आणि झडती घेतली. डबे चिपाडाखालीच होते. सर्व भरलेले होते. खोपीला कडी होती, कुलूप नव्हते.

चालकास अटक केली. जतकडचा धनगर, तिशीच्या आतला, मितभाषी. शिरस्त्याप्रमाणे त्याच्या अंगावरील खुणा लिहून घेतल्या आणि कंपनीकडून मागवलेल्या दाखल्याशी ताडून पाहिल्या. दाखल्यात कपाळावर डावीकडे व्रण असल्याची नोंद होती. याचे कपाळ स्वच्छ होते. आमच्या हवालदाराने अंगठ्याने चोळून पाहिले.

"काय रं गड्या, वण कुठं ठिवलास? का तोबी इकलास?"

चालक खाली पाहत म्हणाला, "दाखला दादाचा हाय. दादा फौजंतनं आला आन् तापानं गेला. मोटार त्येनंच शिकीवली. दाखला दादाचा हाय साहेब, पर चाकावरचं हात माजं हायत."

"आणि पेट्रोल?"

"त्ये म्या घेतलं न्हाई."

याउपर तो बोलेना. घरी आई आणि विधवा भावजय होती. त्यांचे पोट त्याच्या पगारावर होते. कंपनीचा मॅनेजर सांगलीहून तातडीने आला. पांढरीशुभ्र टोपी, मृदू बोलणे.

"फौजदारसाहेब, आमची फसवणूक झाली. ज्याचे नाव खोटे, त्याचे काय खरे असणार? तुम्ही आरोपपत्र ठेवा, आम्ही साक्ष देऊ."

युद्धकाळचे कायदे कडक होते. कोट्याच्या पेट्रोलचा काळाबाजार आणि त्यात परक्याचा दाखला. या माणसाची तारुण्याची वर्षे तुरुंगात गेली असती. वरिष्ठांकडूनही विचारणा होऊ लागली. पुरावा कागदोपत्री चोख होता. मला तो तसा वाटत नव्हता, एवढेच. पण वाटण्यावर खटला सुटत नाही.

मोटारीचा रस्ता एकदा स्वतः पाहावा म्हणून हवालदारास घेऊन मी सांगलीच्या दिशेने निघालो. चढाच्या पायथ्याशी एक वस्ती लागली. पाणी मागितले. एका म्हातारीने पितळेच्या तपेल्यातून पाणी आणले. तपेले असे लखलखत होते की त्यात हवालदाराची मिशी दिसत होती. त्या काळी बाजारातून पितळेचे पॉलिश नाहीसे झाले होते. शिपायांना पट्ट्याचे बक्कल काळे पडले म्हणून परेडला रोज बोलणी खावी लागत. हवालदाराला ती चमक पाहून राहवले नाही.

"आजी, कशानं घासता ओ?"

"राखंनं."

"राखंनं आमीबी घासतो. असं न्हाई निगत."

"तुमची चुलीची आसंल. चुलीच्या राखंत खडं. ही मोटारीची हाय. पिठावाणी मऊ."

हवालदार हसला. "मोटारीला धूर आसतो आजी, राख न्हाई."

"तुमच्या मोटारीला नसंल!" म्हातारी उसळली. "आमच्या मोटारीला हाय. धान्याची मोटार येती, हितं चढाखाली थांबती. मागं भट्टीचा गाडा आसतोय. डायवर राख वढून काडतो आन् आमाला हाळी देतो. सगळी वस्ती पाट्या घिऊन पळती. आवं, कवाधरनं आली न्हाई ती? डायवर आजारी हाय व्हय? लय गुणाचा हाय, निखारा इझवून मगच राख देतो."

मी तपेले खाली ठेवले. "आजी, ही राख मला दाखवता?"

तिने घमेले पुढे केले. पांढरट, मऊ राख, मधून कोळशाचे न जळलेले तुकडे. मग हवालदाराच्या पट्ट्याकडे पाहून म्हणाली, "आना हिकडं त्यो बिल्ला, घासून देते. सरकारचं तोंड काळं बरं दिसत न्हाई."

आमच्याकडील बायका राख वाया घालवत नाहीत. कंपनीने कुपने सांभाळली, चालकाला धाकात ठेवला, भट्टी लपवली. राखेचा विचार करण्याचे त्यांना कारण वाटले नाही. ती त्यांच्या दृष्टीने कचरा होती.

पंचांसमक्ष राख ताब्यात घेऊन मी ठाण्यावर परतलो आणि कोठडीसमोर उभा राहिलो. चोरी केलीस का, हे मी त्यास पुन्हा विचारले नाही. विचारले ते वेगळेच.

"भट्टीचा गाडा कुठे सोडतोस?"

त्याचा चेहरा प्रथम पांढरा पडला, मग सैल झाला. तो जमिनीवर बसला. बांध फुटावा तसे शब्द आले.

"सांगलीत मोटार पेट्रोलवर. गाव सुटलं की गुऱ्हाळाच्या छपरात गाडा ठिवल्याला आसतो, त्यो मागं जोडायचा. मग समदा रस्ता कोळशावर. तुमच्या गावाच्या अलीकडं सोडायचा, परतीला पुन्ना जोडायचा. वाचल्यालं पेट्रोल मॅनेजरसाहेब इकत्यात. आता तपासनीस येनार आसं कानावर आलं, तवा त्येनी मला अडकीवला."

"मग इतके दिवस गप्प का?"

"बोललास तर दाखल्यापायी जेलात घालीन, म्हनलं हुतं. आन् दाखला उघडा पडल्यावर माजं खरं कोन धरनार?"

"दाखला खोटा हे त्यांना ठाऊक होते?"

"पयल्या दिसापासनं. कामावर घ्यायच्या टायमाला मला हुबा केला आन् फौजी हुकूम सोडला, 'पीछे मूड'. म्या डाव्या अंगानं फिरलो. फौजी मानूस उजव्या अंगानं फिरतो म्हनं. त्ये बगून मॅनेजरसाहेब हसलं, आन् लगीच नोकरी दिली."

मी त्याला कोठडीतच उभा केला आणि तोच हुकूम दिला. तो डाव्या खांद्यावरून फिरला. कवायत केलेला मनुष्य झोपेतही असा फिरणार नाही.

गुऱ्हाळाचे छप्पर संस्थानच्या हद्दीत होते. आमच्या साहेबांनी तिकडच्या अधिकाऱ्यांना लिहिले, संमती आली, त्यांचे शिपाई बरोबर आले, मगच मी त्या हद्दीत पाऊल ठेवले. गुऱ्हाळाचा हंगाम नव्हता. छपरात रस आटवायचे चुलवाण थंड होते आणि त्याशेजारी भट्टीचा गाडा उभा होता; अटकेनंतर मॅनेजरने तो तेथे परत आणवला होता. मागे पेट्रोलचे डबे होते, खोपीत सापडले होते तसेच. मुकादमास तेथे नेऊन उभे करताच त्याने कबुली दिली. खोपीतले डबे त्यानेच, मॅनेजरच्या सांगण्यावरून ठेवले होते.

मॅनेजरचा आवाज तेव्हाही मृदूच होता.

"खोट्या दाखल्याच्या माणसाचा शब्द तुम्ही धरणार, फौजदारसाहेब?"

"शब्द धरलेला नाही," मी म्हणालो. "राख धरली आहे."

खटला साताऱ्यास चालला. म्हातारी साक्षीला आली आणि राखेचे वर्णन करता करता न्यायाधीशांना तपेले घासण्याची रीतही सांगू लागली, तेव्हा तिला थांबवावे लागले. मॅनेजरला शिक्षा झाली आणि कंपनीचा ठेका गेला. चालकावरील चोरीचा आरोप उभा राहिला नाही. परक्याचा दाखला वापरल्याचा गुन्हा त्याने स्वतः कबूल केला. त्याबद्दल त्याला न्यायालय उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा मिळाली. तो भिंतीशी बसून राहिला. बसल्या जागी त्याला झोप लागली. कोणी उठवले नाही.

त्या खटल्याने मला एक गोष्ट शिकवली. कागद तपासला गेला की नाही, एवढे पाहून भागत नाही. त्या मॅनेजरने दाखला कसून तपासला होता, मी तपासला त्याहून आधी आणि चांगला. खोटेपणा सापडताच त्याने माणसाला परत पाठवले नाही, बांधून ठेवले. स्वच्छ माणूस त्याच्या उपयोगाचा नव्हता. पुढील नोकरीत जेथे जेथे खोटा कागद सापडला, तेथे मी प्रथम एवढेच शोधले की तो खोटा असल्याचे आणखी कोणाला ठाऊक होते.

न्यायालय उठले. चालक बाहेर पडून रस्त्याला लागला. आता दुसऱ्या एका मोटारमालकाने त्याची परीक्षा घेऊन त्याला त्याच्याच खऱ्या नावाने कामावर ठेवण्याचे कबूल केले होते. त्याची पान-तंबाखूची चंची ठाण्याच्या सामानात राहिली होती, म्हणून हवालदाराने मागून हाक मारली. सवयीने दाखल्यावरचे, भावाचे नाव तोंडात आले. चालक थांबला नाही. हवालदाराने जीभ चावली आणि चालकाचे खरे नाव घेतले.

तो जागच्या जागी फिरला. डाव्या खांद्यावरून. कवायतीच्या दृष्टीने ते चूक होते.