दोन किनाऱ्यांवरचा हक्क

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर मुंबईची गाडी लागली, तेव्हा अम्मीने सुक्या बोंबलांची पुडी माझ्या बॅगेत कोंबली. "नोकरी कर, पण कुणाची मिंधी होऊ नकोस," ती म्हणाली. अब्बा जहाजावर खलाशी होते. कॅरिबियनमधल्या ज्या बेटावर मी अर्थशास्त्र शिकवायला निघाले होते, तिथल्या बंदरात ते कधीतरी उतरले होते. ते एवढंच बोलले, "माणसं चांगली आहेत. त्यांच्यात मिसळ."

मी मिसळले. कॉलेजातून सरकारी बँकेत गेले, तिथल्याच एका शाळामास्तराशी लग्न केलं, नागरिकत्व घेतलं. दरवर्षी रेडिओवर बजेट सोप्या भाषेत समजावून सांगायचे. त्यामुळे मासळीबाजारातल्या बायका मला 'मिस शमीम' म्हणून हाक मारू लागल्या. पुढे एका पक्षाने तिकीट दिलं. निवडून आले, अर्थमंत्री झाले. फोनवर अब्बांना सांगितलं, तर ते हसले आणि अम्मीला हाका मारू लागले.

तुम्ही जे रत्नागिरीत राहिलात, तुम्हाला वाटतं आमचं तिकडे सगळं छान चाललंय. जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना ठाऊक आहे की परक्या देशात मान मिळतो तो आपण गप्प बसतो तोवरच.

आमच्या मतदारसंघात कोळ्यांची एक खाडी आहे. मंत्रिमंडळाने ती एका हॉटेल कंपनीला द्यायचं ठरवलं. होड्या हलवायच्या, किनाऱ्याला कुंपण घालायचं. मी म्हटलं, "यात देशाचा तोटा आहे, आणि ही माणसं जाणार कुठे?" पंतप्रधान हसून म्हणाले, "मॅडम, तुम्ही आकडे बघा, राजकारण आम्ही बघतो." सहीसाठी कागद पुढे सरकवला. मी तो परत सरकवला आणि त्याच दुपारी राजीनामा दिला.

निवडणुकीला अपक्ष उभी राहिले. खाडीवरच्या सभेत मागून एकजण ओरडला, "इंडियन, घरी जा!" मी माईक सोडला नाही. "घर इथून तिसऱ्या गल्लीत आहे," म्हटलं. "सभा संपली की चल, चहा पाजते." पुढे बसलेली मासे विकणारी म्हातारी युडोरा उठून त्याच्याकडे वळली. "ती जाणार असेल तर मीही जाते. मग मासे कुणाकडून घेशील?" सगळी खाडी हसली. मी निवडून आले. आता संसदेत विरोधी बाकावर एकटी बसते. कुंपण अजून घातलं गेलेलं नाही, आणि मी घालू देणारही नाही.

अम्मी-अब्बा आता नाहीत. गेल्या वर्षी मी रत्नागिरीला गेले, तर माझ्या सख्ख्या भाईने हक्कसोडपत्र तयारच ठेवलं होतं. "तू तिकडची मोठी पुढारी. तुला इथल्या घरात हिस्सा कशाला हवा?"

"भाई, तिकडे मला घरी जा म्हणतात, आणि इथे तू माझा घरावरचा हक्क सोडायला लावतोस. तिकडे मी सही केली नाही, इथेही करणार नाही."

तो कागद उचलून आत गेला. तिसऱ्या दिवशी मी गवंड्याला बोलावलं आणि माझ्या वाट्याच्या खोलीला समुद्राच्या बाजूने खिडकी पाडायला लावली. चिऱ्याची भिंत फुटायला लागली तसा भाई बाहेर आला आणि गवंड्याला म्हणाला, "जरा मोठी पाड. तिला भरपूर वारा लागतो."