पगार समक्ष ठरेल

सुप्याच्या लाकूड-डेपोत मी अकरा वर्षं कारकुनी केली. लोक म्हणतात, "अण्णा, तुमच्याकडे एवढे किस्से साठले कसे?" अहो, त्या पगारात दुसरं काही साठवताच आलं नाही!

आमचे मालक जंगलाचे मोठे ठेकेदार. सागवानाचा ओंडका लांबून बघून भाव सांगायचे. माणसाला पगार सांगायची वेळ आली की दातखीळ बसायची. डेपोत कायमचे दोघंच, मी आणि ओंडके मोजणारा भिकोबा. भिकोबा दिग्गीचा. बायको तिकडे डोंगरात, हा इकडे सुप्यात, महिन्यातून एकदा भेट. "बारा रुपये झालं की खोली घेतो आनि तिला आणतो," हे त्याचं आठ वर्षांचं पालुपद. मिळत होते नऊ, आणि तो आकडाही बाहेर कुणाला सांगायचा नाही अशी मालकांची तंबी.

* * *

माझ्या हाताखाली आणखी एक कारकून हवा, म्हणून बेळगावच्या वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची होती. मालक सांगत होते, मी लिहीत होतो. "कारकून पाहिजे. अक्षर मोत्यासारखं. मोडी, बालबोध, कानडी तिन्ही येणारा. निर्व्यसनी. स्वतःची छत्री, स्वतःचा कंदील."

"आणि पगार?" मी विचारलं.

"योग्यतेनुसार, समक्ष ठरेल, असं लिहा. आकडा लिहिला की पैशाच्या आशेनं येणारी माणसं गोळा होतात!"

भिकोबा दारातून म्हणाला, "मग आमी हितं हिवतापाला भेटाय आलोय व्हय?"

मालकांनी ऐकलं नाही असं दाखवलं. त्यात ते पटाईत होते.

* * *

ती जाहिरात वाचून खानापूरकडचा एक तरुण आला. लोंढ्याला गाडीतून उतरून पुढचं सगळं जंगल चालत. वहाणेचा अंगठा तुटलेला, पोटऱ्यांना जळवा लागलेल्या. मालकांनी त्याला उलटा प्रश्न टाकला, "तुमची अपेक्षा काय?"

"वीस."

मालक इतके हसले की पानाचा ठसका लागला. "दहा!"

"हे पत्रातच छापलं असतं तर माझी वहाण तरी वाचली असती," तो म्हणाला.

"अहो, समक्ष बघितल्याशिवाय माणसाची किंमत कशी कळायची?"

"आमच्या बाजारात बैलाचे सुद्धा आधी दात बघतात. तुम्ही माझे पाय बघताय!"

उठला आणि आल्या वाटेनं गेला. एवढा शहाणा माणूस आमच्या डेपोला परवडणारच नव्हता.

* * *

मग माहूत हवा होता. ओंडके ओढायला मालकांनी हत्ती आणला होता. यावेळची नोटीस मोठी झोकदार झाली. हत्तीला रोज किती शेर तांदूळ, किती गूळ, अंगाला लावायला किती तेल, सगळं खुलासेवार. माहुताचा पगार? समक्ष!

एक म्हातारा माहूत आला. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मी नोटीस वाचून दाखवली. त्यानं पुन्हा वाचायला लावली. मग हात जोडून मालकांना म्हणाला, "साहेब, हत्तीची जागा रिकामी हाय का?"

* * *

अणशीच्या लोकांनी तर कमाल केली. मालकांनी तोडीसाठी वीस माणसं बोलावली. निरोप नेहमीचाच: मजुरी कामावर आल्यावर कळेल. सकाळी वीस जण हजर! मालक खूश. पाहतात तो प्रत्येकाच्या हातात कुऱ्हाडीचं नुसतं पातं.

"दांडे कुठे आहेत?"

त्यांचा गावकार, म्हणजे गावचा म्होरक्या, शांतपणे पान चघळत म्हणाला, "घरात हायत. मजुरी कळली की घालतो."

त्या दिवशी मालकांनी आयुष्यात पहिल्यांदा आकडा सगळ्यांसमोर उच्चारला. वाघ दिसल्यावर निघावा तसा आवाज निघाला त्यांचा.

* * *

भिकोबाचं मात्र नऊवर अडलेलंच. त्या शिमग्याला त्यानं पुन्हा बारा मागितले. मालक म्हणाले, "फीत धरायला बारा? या कामाला नऊच्या वर देतं कोण?" मला खरंच वाईट वाटलं आणि मालकांची मनापासून चीड आली.

त्या साली माल दुप्पट आला. पावसाच्या आत मोजून रवाना करायला दुसरा मोजणारा हवा होता. दोन वेळा 'समक्ष' छापून कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. शेवटी मालकांनी दात-ओठ खात मला सांगितलं, "लिहा, पगार रुपये बारा." मी लिहिलं. आणि पत्र आल्यावर ते पान भिकोबाच्या हातात ठेवलं.

मुलाखतीच्या सकाळी भिकोबानं मोजणीची फीत गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवली. "अण्णा, नोकरी सोडली." मागच्या दारानं गेला, पटका नवा बांधला आणि पुढच्या दारानं येऊन बेळगावच्या चार उमेदवारांच्या शेजारी बसला.

त्याची पाळी आली. मालक कागदात मान घालून होते. "अनुभव?"

"आठ वर्सं."

"कुठे?"

"हितंच."

मालकांनी मान वर केली. चेहरा लालबुंद! पण चार परके बसलेले, त्यात दारात जंगलखात्याचे रेंजरसाहेब. ओरडता येईना. मग डोळे बारीक करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, "असं का? मग तिथे पगार किती मिळत होता, तेही सांगा की!"

भिकोबा अदबीनं उभा राहिला.

"त्ये सांगता यायचं न्हाई, साहेब. आमच्या मालकाची सक्त ताकीद हाय."