पुरावाकाकांचा मुहूर्त

पुरावाकाकांना कुणी 'आज उकडतंय' म्हटलं तरी ते 'पुरावा काय?' असं विचारत. कलकत्त्यात, बालीगंजमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर ते राहत. केंद्र सरकारच्या हिशेबखात्यातून निवृत्त झाले होते, पण हरकत घेण्याच्या कामातून नाही. त्यांची मुलगी सुधा माझी मैत्रीण. त्यामुळे माझ्या वाट्याला त्या हरकती जरा जास्तच यायच्या.

मुहूर्तावर त्यांचा विशेष राग. "उशिराला दिलेलं संस्कृत नाव," असं ते आमच्या तिथल्या मराठी मंडळाच्या भटजींना तोंडावर सांगत. भटजी हसून दक्षिणा घेत.

मग काकांचा हात कापू लागला, चाल आखडली. डॉक्टर सेनांनी पार्किन्सन सांगितला. काकांनी लगेच हरकत घेतली, की मागच्या वर्षापर्यंत मी ठणठणीत होतो. डॉक्टरांनी समजावलं, की मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन करणाऱ्या पेशी कधीपासूनच मरत होत्या. उरलेल्या पेशी जादा काम ओढत होत्या, आणि ते रसायन घेणाऱ्या पेशी कान टवकारून थोडक्यात भागवत होत्या. म्हणून इतकी वर्षं बाहेर पत्ता लागला नाही. "म्हणजे आमच्या ऑफिसासारखंच," काका म्हणाले, "निम्मे गैरहजर, तरी फाईल पुढे सरकते. पण पुरावा?" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आपनी निजेई प्रोमाण." पुरावा तुम्हीच. ती हरकत काकांनी मागे घेतली.

त्या रसायनाची भरपाई करणाऱ्या लेव्होडोपाच्या गोळ्या तेव्हा नव्याच आल्या होत्या. पहिलं वर्षभर काका गडियाहाटच्या बाजारात जाऊन स्वतः मासळीवाल्याशी भांडून येत. मासे खात नसत, भाव पटत नसे एवढंच. पुढे गोळीचा अंमल तोकडा होत गेला. अंमल चढला की मान आणि खांदे आपोआप झुलत, उतरला की माणूस जागीच थिजे. डॉक्टर म्हणाले, रसायन घेणाऱ्या पेशी कान टवकारून बसल्यात, आणि करणाऱ्या ज्या थोड्या उरल्यात त्यांना आता ते साठवून ठेवता येत नाही. गोळी आली की गलका, संपली की शुकशुकाट. कलकत्त्यात त्या काळात लोडशेडिंगचा कहर होता. काका म्हणत, "वीज गेली तर सगळ्या पाड्याची, अख्ख्या वस्तीची जाते. माझी एकट्याचीच जाते."

अशात सुधाचं लग्न ठरलं, पुण्याच्या मुलाशी. कन्यादान आपल्याच हातांनी करायचं हा काकांचा हट्ट. मग मुहूर्ताला आयुष्यभर हसलेला हा माणूस गोळीची वेळ घेऊन भटजींकडे गेला. "अकराच्या आसपासचा द्या. पंचांगात नसला तर घाला." भटजींनी या विजयाचा आनंद चेहऱ्यावर दिसू दिला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

मुहूर्त उत्तम निघाला. पण त्या दिवशी रस्त्यात कुठलासा मोर्चा निघाला आणि नवरदेवाची टॅक्सी त्यात अडकली. अकराला झुलणारे काका दुपारी लाकूड झाले. पुढच्या गोळीला अजून वेळ होता. काकू म्हणाल्या, "आत्ताच घ्या ना एक." काका पुटपुटले, "दोन्ही मिळून अंगात येईल. लोक म्हणतील, पोरीचा बाप नाचतोय. राहू दे."

कन्यादानाला काकूंनी पाण्याची धार धरली, तर काकांची ओंजळ उघडेना. काकूंनी दुसऱ्या हाताने त्यांचं एकेक बोट हळूच सोडवलं. काकांच्या थिजलेल्या चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. मुलाकडच्या एक आत्याबाई शेजारणीला म्हणाल्या, "बापाचं काळीज घट्ट दिसतंय." सुधाने ते ऐकलं. तिला आजार माहीत होता, सगळं ठाऊक होतं, तरी तिने वडिलांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं. मला तिथे उभं राहवेना. दुपारची गोळी त्या दिवशी चढलीच नाही; संध्याकाळी हावडा स्टेशनवर गाडी सुटतानाही काका खांबासारखेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेले, तेव्हा काकांची गोळी नुकतीच चढली होती. चेहरा मोकळा झाला होता आणि काका लहान मुलासारखे हुंदके देत होते. "हे काल यायला हवं होतं," एवढंच ते मला म्हणाले. सुधाची गाडी तोवर बिलासपूर ओलांडून गेली असेल.

काकूंनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. त्यांचा झुलणारा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "रडून घ्या. दुपारपर्यंत वेळ आहे."