मांजरीनं आणलेला उंदीर

प्लेगच्या साली एका सकाळी उंद्री गावात आमच्या दारी चुकलेली मांजर येऊन ओरडू लागली. मी पडलो परोपकारी! तिला दूध पाजलं आणि मालक शोधत निघालो. खालच्या वेटाळात, म्हणजे आळीत, तिचं घर सापडलं, पण दाराला कुलूप.

शेजारीण म्हणाली, "ते तं वावरात झोपडी बांधून राह्यले. घरात उंदीर मरून पडले न त्याइच्या."

परतलो तर मांजरीनं उंबऱ्यावर उंदीर आणून ठेवलेला.

"पाह्य वं, दुधाचे उपकार फेडले!" मी ऐटीत म्हणालो.

बायकोनं काडीनं उंदीर उलटवला. "याले दात लागलाच नाई. मेलेलाच उचलला तिनं, आपल्या कोठीतून. म्या पाह्यलं."

पाळण्यात धाकटी झोपली होती. तिला उचलून आम्ही तसेच वावराकडे निघालो. मांजर मागोमाग येत होती, आणि जिच्यामुळं वेळीच कळलं तिला हाकलायचं धाडस मला होईना.