हळदीची फुलं आणि माझं चुन्याचं बोट

गेल्या गुरुवारी आमच्या घरात चमचाभर कॉफी नव्हती, पण कॉफी गाळायचे कागद होते... चांगले दोन गठ्ठे. मुलगा कागलच्या एमआयडीसीत कामाला आहे. तिथं कॉफीचं नवीन मशीन आलं, जुन्याचे कागद कुणाला नकोत, म्हणून हा घरी घेऊन आला.

मला वाटलं, लाडवाच्या वाट्या असतील. गोल, पांढरे, कडेला बारीक निऱ्या. एकात लाडू ठेवूनही बघितला... कागद बसला आणि लाडू पळाला. सून पल्लवी अजून हसते. (हे मोबाइलवर तीच लिहून घेते आहे. मला अक्षर येत नाही, तेव्हा मधलं काही तिनं गाळलं तर मला कळायचं नाही.)

त्या कागदांवर डोळा होता आमच्या ईराचा. ईरा माझी नात, तिसरीत आहे. शनिवारी शाळेत टाकाऊ वस्तूंचं प्रदर्शन होतं आणि बाईंनी हिला एक टेबल दिलं होतं. येणाऱ्या पालकांना सगळं हिनंच सांगायचं.

आता ही पोरगी घर डोक्यावर घेते, पण वर्गात उभं केलं की तोंडाला कुलूप. मागं कविता म्हणायला उभी राहिली आणि तशीच खाली बसली. घरी येऊन चार दिवस शाळेचं नाव काढू दिलं नाही. म्हणून या टेबलाची आमच्या घरात सगळ्यांनाच धास्ती होती.

मी म्हटलं, फुलं करू. तुम्हीपण करा, खर्च काही नाही. हळद पाण्यात कालवायची, कागद बुडवायचे, दोरीवर वाळत घालायचे. वाळले की चार-पाच एकावर एक ठेवून मधोमध चिमटीत धरायचे, खालून दोऱ्यानं आवळायचे आणि एकेक कागद वर उकलत जायचा... झाला झेंडू. बिटाच्या पाण्यात बुडवले तर गुलाबी होतात.

माहेरी बेंदराच्या सणाला बैलांच्या शिंगांना कागदाची फुलं मीच करायचे. तेव्हा बैल स्थिर उभा राहायचा नाही, आता ईरा राहत नाही. शेजारच्या पोरीपण आल्या, दोन दिवस नुसता धुडगूस. अर्धे कागद त्यांनी फाडले, उरलेल्यांची पंचवीस फुलं झाली. सगळी हळदीची, पिवळीधमक.

शुक्रवारी संध्याकाळी कामावर खूश होऊन मी पान खायला बसले. बोटानं पानाला चुना लावला, पान तोंडात टाकलं, आणि त्याच बोटानं एकेक फूल नीट करत सुटले. ही पाकळी वाकडी, ती पाकळी दबली...

जिथं बोट लागलं, तिथं लालभडक डाग.

हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे मला काय आज कळलं? पण पान तोंडात असलं की माझी अक्कल बाहेर फिरायला जाते. एक-दोन नाही, निम्मी फुलं डागाळली. कागद एकही शिल्लक नव्हता.

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. पल्लवी एवढंच म्हणाली, “आत्या, आता?”

ईरा नुसती फुलांकडं बघत उभी. तेच कुलूप.

मग हळूच म्हणाली, “आज्जी, परत कर की.”

मला वाटलं, फुलं परत कर म्हणते. तसं नव्हतं. तिला तो डाग परत बघायचा होता. मी पुन्हा बोट लावलं, पुन्हा लाल. पोरीनं माझ्या हातातली चुन्याची डबी काढून घेतली. आजवर ती कुणाची हिंमत झाली नव्हती.

पल्लवीनं वाटीत चुन्याचं पाणी केलं, डोळ्याला हात लावायचा नाही असा दम दिला, आणि काडीला कापूस गुंडाळून दिला. रात्रीच्या जेवणाआधी प्रत्येक फुलाच्या पोटात लाल ठिपका बसला होता. दहा फुलं मात्र ईरानं मुद्दाम कोरी ठेवली.

शनिवारी मी टेबलामागं खुर्ची टाकून बसले. पहिलेच एक उंच गृहस्थ आले, हे काय म्हणून विचारलं. ईरानं माझ्याकडं बघितलं. मी वरच्या पंख्याकडं बघितलं... मुद्दाम.

मग आवाज आला, “ही हळद आहे. तुम्ही काडी लावा, गंमत दाखवते.”

जी सुरू झाली ती दुपारपर्यंत थांबली नाही. टेबलापुढं रांग लागली. बाईंनी विचारलं, हे कुणी शिकवलं गं?

“आज्जीनं. चुकून.”

सगळे हसले. मीपण हसले, करते काय.

मग बाईंनी माझ्यापुढं अभिप्रायाची वही धरली, आज्जी, दोन शब्द लिहा म्हणाल्या. पेन बघून माझा हात पदराखाली गेला. आयुष्यभर जिथं तिथं अंगठा दिला आणि दिला की लगेच पदराला पुसला, कुणी बघू नये म्हणून.

ईरा सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाली, “बाई, आमच्या आज्जीचा अंगठा असतोय.” आणि माझा हात धरून अंगठा टेबलावरच्या हळदीच्या वाटीत बुडवला. वहीवर टेकवला. पिवळा उमटला. मग वरून चुन्याच्या पाण्याची काडी फिरवली.

सगळ्या पानावर निळी अक्षरं, आणि मधोमध माझा लाल अंगठा. बघायला पोरं परत गोळा झाली.

घरी येईपर्यंत अंगठा पिवळाच होता. या वेळी पदराला पुसला नाही मी.