तिसऱ्या टाकीचा आकडा

वाइनच्या कारखान्यात बावीस वर्षं द्राक्षं निवडणाऱ्या मावशीला सगळे भिंग म्हणत. सरकत्या पट्ट्यावरून घड गेला की सडका मणी तिला दिसायचाच. यंदा तिला वरचं काम मिळालं. पाच टाक्यांत पाच जातींची लाल वाइन, प्रत्येकीची एक बाटली भरून प्रयोगशाळेत द्यायची. त्या बाटल्यांत प्रयोगशाळेतल्या मॅडम काय शोधतात, हा भुंगा तिच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून होता.

एका सकाळी मॅडमच खाली उतरल्या. "मावशी, बाटल्यांची अदलाबदल झालीय. तिसऱ्या टाकीचा आकडा गेल्या वर्षीच्या दुप्पट आलाय. जात तीच, मग असं कसं?"

"भिंगाला तडा गेला वाटतं," मुकादम म्हणाला. "उद्यापासून परत पट्ट्यावर."

"आकडा कशाचा?" मावशीने विचारलं.

"रेझव्हेराट्रॉल. सालीत असतं. बुरशी चढायला लागली की वेल स्वतःला वाचवायला ते बनवतो. हृदयाला चांगलं म्हणतात, पण पेल्यातल्या एवढ्याशाने काही होतं का, ते अजून नक्की नाही."

मावशीला तो माल आठवला. तिसऱ्या टाकीतली द्राक्षं मळ्याच्या खालच्या ओलसर तुकड्यातली होती. बुरशीचा डाग दिसला की अख्खा घड फेकायचा, असा मुकादमाचा हुकूम. वरचं काम मिळण्याआधी, पट्ट्यावर असताना, तिने तो फेकला नव्हता. दोन दिवस उभं राहून, बारीक कात्रीने एकेक डागी मणी काढला होता. हे सांगावं तर हुकूम मोडल्याचं उघड होणार, न सांगावं तर बाटल्या नीट भरता येत नाहीत असा शिक्का बसणार.

तिने सांगितलं.

"मला न विचारता? बुरशीचा माल टाकीत?" मुकादम भडकला.

"बुरशीचा नाही, बुरशीशेजारचा. माझ्या हातून एक सडका मणी गेलेला दाखवा."

"शेजारचा," मॅडम हळूच म्हणाल्या. त्यांनी स्वतः टाकीतून नवी बाटली भरली. दुसऱ्या दिवशी आकडा तोच आला.

बाटल्यांचा संशय फिटला, पण हुकूम मोडला तो मोडलाच. मुकादमाने तिला पट्ट्यावर पाठवलं.

शेवटची तोडणी चालू होती. चार दिवसांनी मॅडम दोन रिकामे क्रेट घेऊन पट्ट्यापाशी आल्या. "डागाजवळचे मणी यात, लांबचे त्यात. आकडा कशात जास्त येतो ते बघू. मुकादमांना विचारलंय."

"लांबचे म्हणजे किती लांबचे?"

"ते तुम्हीच ठरवा."

मावशीने घड उजेडाकडे धरला, देठापासून टोकापर्यंत फिरवला.

"डागापासून तीन मणी सोडून," ती म्हणाली आणि कात्री उचलली.